वेकोतला ऑगस्ट: बाप्टिस्ट विद्यापीठातल्या ‘मूव्ह-इन’मागचा इतिहास

ऑगस्टच्या उत्तरार्धात टेक्सासमधल्या वेको शहरात पारा चाळिशीच्या आसपास असतो. त्या उन्हात बाप्टिस्टांच्या बेलर विद्यापीठात ‘मूव्ह-इन’चा, म्हणजे नव्या मुलांनी होस्टेलवर राहायला येण्याचा दिवस असतो आणि होस्टेलांपुढे गाड्यांची रांग लागते. गाडी थांबली की वरच्या वर्गांतली मुलंमुली आणि इतर स्वयंसेवक पुढे येतात आणि छोटा फ्रिज, उशा, कपड्यांची खोकी उचलून खोलीत नेऊन ठेवतात. आईवडिलांना फक्त बघत उभं राहायचं असतं. एकदोन दिवसांत ते गाडी वळवून घरी जातात, आणि नवी मुलं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो सुट्टीत काय केलं याचा. कुणी चर्चच्या शिबिरात लहान मुलांना सांभाळलेलं असतं, कुणी परदेशात सेवाकार्याला गेलेलं असतं, कुणी नुसती दुकानात नोकरी केलेली असते.

हा सगळा थाट आज एखाद्या जत्रेसारखा दिसतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ मात्र दोन कोरड्या कारणांत आहे: पैशांची चणचण आणि तरुण मुलांवरचा अविश्वास.

बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा मूळ आग्रह असा की श्रद्धा ज्याची त्याने, कळत्या वयात स्वीकारायची. म्हणून ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. असं असताना कॉलेजं कशाला काढायची, असं या पंथातल्या अनेकांना सुरुवातीला खरोखरच वाटे. उपदेशकाला देवाने बोलावलं पाहिजे, त्याला लॅटिन येण्याची काय गरज? १७६४ साली ऱ्होड आयलंडमध्ये बाप्टिस्टांनी आजच्या ब्राउन विद्यापीठाची स्थापना केली खरी, पण पुढची पन्नास वर्षं तो अपवादच राहिला.

चित्र बदलण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या माणसाचा मराठी मुलखाशी एक आडवळणी संबंध आहे. १८१२ साली फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ नावाचं जहाज भारताकडे निघालं. त्यावर गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि ल्यूथर राइस हे तीन तरुण मिशनरी होते. हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले. पुढे ज्या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला शाळा काढल्या आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं, तिचा पाया या दोघांनी घातला. राइस मात्र कलकत्त्यात अडकला आणि तिथेच त्याचं मत पालटलं. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या इंग्रज बाप्टिस्टांच्या सहवासात, म्हणजे ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं त्या विल्यम कॅरीच्या गोटात, त्याने प्रौढ बाप्तिस्मा घेतला. ज्या मंडळाने पाठवलं ते दुसऱ्या पंथाचं, तेव्हा तो आधार गेला. नव्या पंथातून पैसा उभा करायला राइस अमेरिकेला परतला आणि पुन्हा कधीच भारतात आला नाही. १८३६ मध्ये मरेपर्यंत तो गावोगाव फिरत वर्गणी गोळा करत राहिला. १८२१ मध्ये वॉशिंग्टनला कोलंबियन कॉलेज निघालं ते त्याच्याच खटपटीतून. तेच आजचं जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ. बाप्टिस्टांनी कॉलेजं काढलीच पाहिजेत हे त्याने लोकांच्या गळी उतरवलं. त्यानंतर दक्षिणेत एकामागून एक संस्था उभ्या राहिल्या.

त्या संस्थांत दाखल होणं कसं होतं? १८३४ साली नॉर्थ कॅरोलायनात उघडलेल्या वेक फॉरेस्टचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिचं पहिलं नावच ‘मॅन्युअल लेबर इन्स्टिट्यूट’, म्हणजे शिकायचं आणि रोज शेतात राबायचंही. येताना मुलाने सोबत काय आणायचं, तर एक कुऱ्हाड, एक कुदळ, चादरींची एक जोडी आणि टॉवेलांची एक जोडी. आज होस्टेलला जाणाऱ्या मुलांना सामानाच्या लांबलचक याद्या मिळतात, त्यांची पणजी ही यादी. शेतीचा प्रयोग चार-पाच वर्षांतच गुंडाळावा लागला. शेतमजुरी करून ना धड शेती झाली ना अभ्यास, हे ऐकून आपल्याकडच्या कुणालाही नवल वाटणार नाही.

बेलरची सनद १ फेब्रुवारी १८४५ची. तेव्हा टेक्सास अमेरिकेचं राज्यही झालं नव्हतं, स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. इंडिपेंडन्स नावाच्या छोट्या गावात १८४६ च्या मे महिन्यात २४ विद्यार्थ्यांवर शिकवणी सुरू झाली. ज्यांच्या नावाने विद्यापीठ ओळखलं जातं ते न्यायाधीश आर. ई. बी. बेलर आणि सुरुवातीचे बरेच विश्वस्त गुलामांचे मालक होते. हे विद्यापीठाने स्वतःच नेमलेल्या आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही आलं आहे. त्याच १८४५ साली, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही यावरून अमेरिकन बाप्टिस्टांत फूट पडली आणि दक्षिणेतल्यांनी आपलं वेगळं ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’ काढलं. बेलरची मुळं ही अशी त्या मातीत आहेत.

इंडिपेंडन्समध्ये मुलं एका टेकडीवर आणि मुली दुसऱ्या टेकडीवर शिकत. रेल्वेने गाव वगळलं आणि गाव ओसरलं. १८८६ साली विद्यापीठ वेकोच्या कॉलेजात विलीन होऊन तिथे गेलं. मुलींचं कॉलेज बेल्टनला गेलं. जुन्या जागी मुलींच्या इमारतीचे चार खांब तेवढे उरले. आज पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी उन्हाळ्यात जे ‘लाइन कॅम्प’ भरतात, त्यांत मुलांना बसने तिथे नेऊन ते खांब दाखवतात.

आता सुट्टीचं. जुन्या अमेरिकन कॉलेजांत मोठी सुट्टी बहुधा हिवाळ्यात असे, कारण गरीब विद्यार्थी त्या दिवसांत खेडेगावच्या शाळांत शिकवून फी जमवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती सुट्टी उन्हाळ्याकडे सरकली आणि कमाईची वाटही बदलली. नॅशव्हिलमध्ये जे. आर. ग्रेव्हज या बाप्टिस्ट धर्मगुरूने १८५५ साली काढलेल्या प्रकाशनसंस्थेने १८६८ पासून कॉलेजच्या मुलांना सुट्टीत दारोदार बायबलं विकायला नेमलं. ती कंपनी, साउथवेस्टर्न, आजही उन्हाळ्यात विद्यार्थ्यांकडून घरोघर पुस्तकं विकून घेते. शिकागो विद्यापीठाची कल्पना निराळी. रॉकफेलरच्या पैशातून आणि बाप्टिस्टांच्या पुढाकारातून निघालेल्या या संस्थेत पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाच्या चार तिमाह्या पाडल्या आणि उन्हाळ्याचीही एक तिमाही धरली. इमारती तीन महिने रिकाम्या का ठेवायच्या, हा त्यांचा व्यवहारी सवाल होता.

धर्माचा उन्हाळा खऱ्या अर्थाने विसाव्या शतकात आला. १९०७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातलं रिजक्रेस्ट आणि १९१७ मध्ये ओक्लाहोमातलं फॉल्स क्रीक अशी शिबिरांची ठिकाणं उभी राहिली. तिथे वाढपी, जीवरक्षक, गटप्रमुख ही कामं कॉलेजची मुलं करू लागली. १९४५ साली बेलरच्या काही विद्यार्थ्यांनी वेकोत स्वतःच प्रार्थनासभांची मोहीम चालवली. उपदेशकही विद्यार्थी, गाणारेही विद्यार्थी. पुढच्या उन्हाळ्यांत ही मुलं दक्षिणेतल्या इतर शहरांत गेली. आजचा विद्यार्थी सुट्टीतल्या ‘मिशन ट्रिप’बद्दल बोलतो, तेव्हा त्यामागे ही परंपरा असते. फरक एवढाच की तेव्हा काहींना सुट्टीतून पैसे मिळत, आता बहुतेकांना जाण्यासाठी ते उभे करावे लागतात.

कॉलेजात पाऊल टाकल्यावरचं स्वागतही फारसं गोड नव्हतं. नवख्यांसाठी खास आठवडा आखण्याची सुरुवात १९२३ साली मेन विद्यापीठातल्या ‘फ्रेशमन वीक’पासून मानतात. त्याआधी आणि नंतरही बराच काळ नवख्यांना सांभाळायचं काम वरच्या वर्गातली मुलं आपल्या पद्धतीने करत. बेलरमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘स्लाइम’ म्हणत आणि त्यांना विशिष्ट टोपी घालावी लागे. आपल्याकडे याला सरळ रॅगिंग म्हटलं असतं. १९७० नंतर याच गटाला ‘बेलर लाइन’ असं रूप मिळालं. सोनेरी जर्सी घातलेली नवी मुलं फुटबॉलच्या सामन्याआधी मैदानावरून धावतात. अपमानाच्या चालीचं मानात रूपांतर करण्याची ही हातोटी मला दाद देण्याजोगी वाटते.

एक प्रसंग मात्र नव्या मुलांना मुद्दाम, गंभीरपणे सांगितला जातो. २२ जानेवारी १९२७ रोजी बास्केटबॉलच्या सामन्यासाठी ऑस्टिनला निघालेल्या बेलरच्या बसला राउंड रॉकच्या रेल्वे फाटकावर गाडीने धडक दिली आणि दहा जण गेले. दरवर्षी होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या वेळी, नव्यांच्या सभेत त्या दहांची कहाणी पुन्हा सांगतात.

यात कोण सामील होऊ शकत होतं, हाही इतिहासच. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा ठराव विश्वस्तांनी १९६३ च्या नोव्हेंबरात केला. रॉबर्ट गिल्बर्ट आणि बार्बरा वॉकर हे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर १९६७ साली बाहेर पडले. सनद मिळाल्याला तोवर १२२ वर्षं झाली होती.

मुलांवरची पकड सैल व्हायलाही तितकाच वेळ लागला. कॉलेज म्हणजे आईवडिलांच्या जागी, हे तत्त्व अमेरिकेत सर्वमान्य होतं: रात्री परतण्याची वेळ, कपडे, भेटीगाठी, सगळ्यावर नियम. १९६१ च्या डिक्सन खटल्यात, सुनावणीशिवाय विद्यार्थ्यांना काढता येणार नाही असं न्यायालयाने सरकारी कॉलेजांना बजावलं. १९७१ मध्ये अठरा वर्षांच्यांना मताधिकार मिळाला. खासगी, धार्मिक कॉलेजं सावकाश हलली. बेलरच्या आवारात पहिला अधिकृत नाच झाला तो १९९६ च्या एप्रिलमध्ये, आणि तोवर ती राष्ट्रीय बातमी झाली होती. चॅपलची, म्हणजे विद्यापीठाच्या प्रार्थनासभेची हजेरी सुरुवातीच्या सत्रांत आजही सक्तीची आहे.

कॉलेजने पालकत्व सोडलं तसे खरे पालक पुन्हा दिसू लागले. एकोणिसाव्या शतकात मुलगा ट्रंक घेऊन एकटाच आगगाडीने यायचा. आता सगळं कुटुंब गाडी भरून येतं. होस्टेलपुढच्या स्वयंसेवकांची ती फौज निम्मी मुलांसाठी आणि निम्मी आईवडिलांसाठी असते. खोली लावून देणाऱ्या या आईवडिलांना मुलाची गुणपत्रिका मात्र हक्काने मागता येत नाही. १९७४ च्या संघराज्य कायद्याने, कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क त्याच्याच हाती दिला आहे.