प्रोलॅक्टिन वाढलंय: थायरॉइडमुळे की पिट्युटरीतल्या गाठीमुळे?

पाळी लांबलेली, गरोदर नसतानाही स्तनांतून दूध येतंय आणि रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) ७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते साधारण २५ च्या आत असतं. हा आकडा पाहून थेट एमआरआय काढायला धावणं ही नेहमीची चूक. आधी टीएसएच (मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावायला सोडते ते संप्रेरक) आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) बघायचं.

प्रोलॅक्टिनवर एरवी मेंदूतून येणाऱ्या डोपामिन या रसायनाचा लगाम असतो. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग टीआरएच नावाचं संप्रेरक जास्त सोडतो. टीआरएचचं मुख्य काम टीएसएच वाढवणं, पण प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींनाही तेच चेतवतं. शिवाय चयापचय मंदावल्याने रक्तातलं प्रोलॅक्टिन लवकर निघूनही जात नाही. प्रोलॅक्टिनोमात मात्र पिट्युटरीतल्या त्या प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींचीच गाठ झालेली असते. टीआरएच कितीही असो, ती आपलं काम करत राहते.

थायरॉइडमुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन बहुधा १०० च्या खाली राहतं. १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या प्रोलॅक्टिनोमात ते सहसा २०० च्या वर जातं. घोळ होतो तो लहान गाठींत, कारण तिथे दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात. समजा टीएसएच ८६ (खूपच वाढलेलं) आणि प्रोलॅक्टिन ६२ आहे, तर थायरॉइडवर बोट ठेवायला हरकत नाही. पण टीएसएच ५.८ (जेमतेम वाढलेलं) आणि प्रोलॅक्टिन १४० असेल, तर एवढ्याशा टीएसएचच्या माथी ते मारता येत नाही. अशा वेळी एमआरआय हवाच.

एमआरआयसुद्धा फसवतो. थायरॉइडचा आजार बराच काळ उपचारांविना राहिला की पिट्युटरी फुगते आणि वरच्या बाजूला घुमटासारखी दिसते. ही सूज बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखी असते; गाठ एका कुशीला असण्याचा संभव जास्त. सूज गाठ समजून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. ती सूज गोळीने उतरली असती!

ती गोळी लेव्होथायरॉक्सिनची. पूर्ण डोस वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, वयस्कर किंवा हृदयविकाराच्या रुग्णात सुरुवात दिवसाला एकूण १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून. रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचं, प्रोलॅक्टिन मात्र टीएसएच ताळ्यावर आल्यानंतर. मूळ थायरॉइडचं असेल तर प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिनची गरज सहसा पडत नाही. टीएसएच नीट होऊनही प्रोलॅक्टिन चढंच राहिलं, तर गाठीचा शोध घ्यायचा. त्याआधी डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, रिस्पेरिडोन यांपैकी काही चालू आहे का, हे विचारून घ्यावं. प्रोलॅक्टिन वाढवण्यात ही औषधं पटाईत.

सगळ्यात वाईट चकवा: फ्री टी४ कमी, पण टीएसएच नॉर्मल. इथे बिघाड थायरॉइडमध्ये नाही, बहुधा पिट्युटरीतच आहे. मोठी गाठ पिट्युटरीला हायपोथॅलॅमसशी जोडणाऱ्या देठावर दाबली की डोपामिन खाली पोचत नाही आणि प्रोलॅक्टिन थोडं वाढतं, मग ती गाठ स्वतः प्रोलॅक्टिन बनवत नसली तरी. अशा रुग्णाचं कॉर्टिसॉल (पिट्युटरीच्या इशाऱ्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते संप्रेरक) आधी तपासायचं. ते कमी असताना लेव्होथायरॉक्सिन सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं हायड्रोकॉर्टिसोन आधी.