निळ्या छापाची स्टॅफर्डशायर भांडी

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून घडवली गेलेली, पांढऱ्या मातीवर निळी चित्रे छापलेली भांडी. जुन्या इंग्रजी भांड्यांचे असंख्य संग्राहक सुरुवात यांपासूनच करतात.

या परगण्यातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरात कोळसा आणि माती दोन्ही हाताशी होती. तेथे जोसाया स्पोड या कुंभाराने १७८४ च्या सुमारास झिलईखाली, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराखाली, निळी चित्रे छापण्याचे तंत्र यशस्वी केले. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्यात कोबाल्टची गरम निळी शाई भरत. तिचा ठसा पातळ कागदावर घेऊन तो कागद एकदा भाजलेल्या बशीवर घासून बसवत. कागद धुऊन काढला की चित्र मागे उरे. मग झिलई देऊन बशी पुन्हा भट्टीत जाई. गोल काठावर कागदाचे तुकडे जोडावे लागत, त्यामुळे किनारीच्या वेलबुट्टीत एखादा सांधा चुकलेला आढळतो. नवखे त्याला खोट समजतात. जाणकार तोच आधी शोधतात.

बशी पालथी केल्याशिवाय तिचे वय ठरवू नये. मागे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-शिक्का असेल, तर त्या नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळातली. ‘इंग्लंड’ हा शब्द बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. शिक्का नसलेल्या भांड्यांतही उत्तम नमुने सापडतात. बुडाच्या कडेच्या कोपऱ्यात झिलई साचून निळसर दिसत असेल, तर ते जुन्या ‘पर्लवेअर’चे, म्हणजे निळसर झाकेच्या झिलईच्या पांढऱ्या भांड्यांचे, लक्षण होय. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, तर तडा किंवा डागडुजीची शंका घ्यावी.

चिनी धाटणीच्या देखाव्याची ‘विलो’ नक्षी सर्वांत प्रसिद्ध. तिच्याशी जोडलेली प्रेमकथा मात्र चीनची नव्हे, इंग्लंडातच रचलेली आहे. भारतीय वाचकाला खरी ओढ वाटावी ती स्पोडच्या ‘इंडियन स्पोर्टिंग’ मालिकेची. हत्ती, वाघ आणि शिकारी यांची ही दृश्ये थॉमस विल्यमसन यांच्या १८०७ च्या शिकारविषयक ग्रंथातील चित्रांवरून घेतली होती. अशी उचल तेव्हा सर्रास चाले. १८४२ च्या स्वामित्वहक्क कायद्यानंतर ती अवघड झाली आणि बशांवर काल्पनिक सरोवरे व किल्ले वाढले.

१९७३ मध्ये स्थापन झालेली ‘फ्रेंड्स ऑफ ब्लू’ ही संग्राहकांची संस्था निनावी नक्षींची ओळख पटवण्याचे काम करते.