मधुमेही कुत्र्यांच्या आहारातील चोथा

वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग कुत्र्याच्या लहान आतड्यातील पाचकरसांनी पचत नाही, त्यास चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतात. जेवणानंतर रक्तशर्करा झपाट्याने चढू नये म्हणून मधुमेही कुत्र्यांच्या आहारात तो वाढवतात. कुत्र्यांचा मधुमेह बहुतांशी इन्शुलिनच्या अभावामुळे होतो. त्यामुळे कितीही चोथा दिला तरी इन्शुलिनची टोचणी चुकत नाही.

विद्राव्य चोथा (गवारीचा डिंक, पेक्टिन, इसबगोल) पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. जठर सावकाश रिकामे होते व ग्लुकोजचे शोषण लांबते. सेल्युलोजसारख्या अविद्राव्य चोथ्याची क्रिया इतकी स्पष्ट नाही. तरीही कुत्र्यांवरील प्रयोगांत सेल्युलोजचेच पारडे जड ठरले, हे विशेष. रिचर्ड नेल्सन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत अविद्राव्य चोथ्याने रक्तशर्करा अधिक आटोक्यात राहते असे दाखविले. उलट ऑस्ट्रेलियातील लिंडा फ्लीमन, जॅकी रँड प्रभृतींना २००९ मध्ये, इन्शुलिनवर स्थिरावलेल्या कुत्र्यांत, मध्यम पिष्टमय व भरपूर चोथ्याच्या आहाराचा वेगळा लाभ आढळला नाही. दोन्हीकडे कुत्र्यांची संख्या थोडी होती, आणि तुलनेसाठी घेतलेले आहारही सारखे नव्हते. रोज ठरावीक वेळी तेच अन्न तेवढेच देणे अधिक महत्त्वाचे, हे मत सयुक्तिक वाटते.

खाद्याच्या पिशवीवरील ‘क्रूड फायबर’ हा आकडा या बाबतीत फसवा असतो. त्याची पद्धत १८६० च्या सुमारास जर्मनीतील व्हेंडे येथे गुरांच्या वैरणीसाठी बसविली गेली. नमुना आधी सौम्य गंधकाम्लात, मग सौम्य दाहक सोड्यात उकळतात. उरलेला गाळ वाळवून तोलतात व जाळतात, आणि जळताना घटलेले वजन म्हणजे कच्चा चोथा. या उकळण्यात विद्राव्य चोथा जवळजवळ सगळा निघून जातो. सेल्युलोज मात्र बराचसा टिकतो. म्हणून सारखाच आकडा छापलेली दोन खाद्ये रक्तशर्करेवर वेगवेगळा परिणाम करू शकतात. एकूण तंतुमय पदार्थांचे मापन अधिक विश्वसनीय. पण ते पिशवीवर क्वचितच असते.

रोडावलेल्या कुत्र्यास असा आहार देत नाहीत, कारण उष्मांक घटून वजन आणखी उतरते. एरवी पोटफुगी, मलावरोध किंवा वाढलेला मल हे त्रास संभवतात. चोथा थोडाथोडा वाढवावा व प्यायला भरपूर पाणी ठेवावे. आहार बदलल्यावर इन्शुलिनची मात्रा पशुवैद्याकडून पुन्हा ठरवून घ्यावी लागते. त्यासाठी मागील दोन-तीन आठवड्यांतील सरासरी रक्तशर्करा दर्शविणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी उपयोगी पडते.