रक्तदाबवर्धक द्रव्ये व मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिने

रक्तवाहिन्या आकसवून रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन-२ शिरेतून दिले असता मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिने (पेशी जागच्या जागी बनवतात ती संप्रेरकासारखी द्रव्ये), विशेषतः प्रोस्टाग्लँडिन ई-२, अधिक तयार करते आणि लघवीतील त्यांचे प्रमाण वाढते. या परिणामाचा मानवातील अभ्यास मुख्यतः निरोगी स्त्रियांच्या लघवीवर आधारलेला आहे.

यामागचे कारण अगदी व्यावहारिक आहे. उल्फ फॉन ऑयलर यांना 1930 च्या दशकात प्रोस्टाग्लँडिने आढळली ती वीर्यात, आणि तेथे त्यांचे प्रमाण इतके मोठे असते की पुरुषाच्या लघवीत त्याचा अंश मिसळला तरी मापन बिघडते. रक्तातील पातळीही उपयोगाची नाही. प्रोस्टाग्लँडिन ई-२ फुप्फुसांतून एकदा फिरले की बहुतांश नष्ट होते. शिवाय सुई टोचून रक्त काढतानाच बिंबाणू नवी प्रोस्टाग्लँडिने तयार करतात. त्यामुळे स्त्रियांच्या लघवीत मूळ स्वरूपात सापडणारे ई-२ हे मूत्रपिंडातच तयार झालेले असते, असे मानता येते. 1975 मध्ये फ्रॉलिक आणि सहकाऱ्यांनी वस्तुमान वर्णपटमापनाने त्याची ओळख पटवली, आणि या मापनपद्धतीचा पाया तेव्हाच घातला गेला.

कुत्र्यांवरील प्रयोगांत हे आधीच दिसले होते. 1970 च्या सुमारास जॉन मॅकगिफ यांनी अँजिओटेन्सिन-२ आणि नॉरॲड्रेनलिन हे दुसरे रक्तदाबवर्धक द्रव्य दिल्यावर मूत्रपिंडाच्या शिरेतील रक्तात प्रोस्टाग्लँडिनसदृश पदार्थ वाढल्याचे दाखवले. पेशीच्या पातळीवर क्रम असा : द्रव्य पेशीवरील ग्राहीला (ते ओळखणाऱ्या रेणूला) चिकटते, पेशीत कॅल्शियम वाढते, फॉस्फोलिपेज हे विकर पेशीपटलातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटे करते आणि सायक्लोऑक्सिजनेज हे दुसरे विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिने बनवते. ई-२ आणि प्रोस्टासायक्लिन हे त्याच गटातील द्रव्य ही दोन्ही केशिकागुच्छाकडे (मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या झुबक्याकडे) रक्त नेणारी धमनिका सैल ठेवतात. दाब वाढवणाऱ्या द्रव्याने इतरत्र रक्तवाहिन्या आवळल्या तरी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्यामुळे काही अंशी टिकतो. व्हॅसोप्रेसिन या शरीरात पाणी राखणाऱ्या व रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या बाबतीत ई-२ आणखी एक काम करते : संग्राहक नलिकेतील पाण्याच्या शोषणाला ते आळा घालते.

सायक्लोऑक्सिजनेज रोखणारी इंडोमेथॅसिन किंवा ॲस्पिरिन ही वेदनाशामके दिल्यास लघवीतून होणारे ई-२ चे उत्सर्जन घटते. निरोगी, पुरेसे पाणी व मीठ घेणाऱ्या व्यक्तीत त्याने मूत्रपिंडाच्या गाळणक्रियेवर सहसा फारसा फरक पडत नाही. मात्र शरीरातील द्रव कमी झाले असेल, हृदयविकार किंवा यकृतसिरोसिस असेल, आणि अँजिओटेन्सिन आधीच चढलेले असेल, तर गाळणक्रिया झपाट्याने घसरू शकते. वेदनाशामकांच्या बाबतीत दिला जाणारा इशारा येथून येतो, आणि या विषयाचे खरे वैद्यकीय महत्त्व त्यातच आहे.

आकडे वाचताना सावध राहावे लागते. लघवीचा ओघ वाढला तरी ई-२ चे उत्सर्जन वाढते, आणि रक्तदाबवर्धक द्रव्ये हा ओघच बदलतात. आहारातील मीठ, गर्भनिरोधक गोळ्या व मासिक पाळीचा टप्पा यांनी रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणा (शरीरात अँजिओटेन्सिन तयार करणारी साखळी) हलते, म्हणून अभ्यासात या गोष्टी स्थिर ठेवाव्या लागतात.

गरोदरपणात अँजिओटेन्सिन-२ ने रक्तदाब फारसा चढत नाही. इंडोमेथॅसिन किंवा ॲस्पिरिन दिल्यावर तो पुन्हा चढू लागतो. यावरून तेथेही प्रोस्टाग्लँडिनांचा हात असल्याचे मानतात. पण हा परिणाम सबंध शरीरातील रक्तवाहिन्यांचा आहे, लघवीतील ई-२ वरून तो मोजता येत नाही.