उघडा कोड म्हणजे चोराला किल्ली? खुलासा

इंदुरात रामबागेतल्या घरांपासून जेल रोडच्या दुकानांपर्यंत एक समज टिकून आहे: ब्राउझरच्या ज्या प्लगिनचा (म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा) कोड कुणालाही वाचता येतो, तो चोरालाही वाचता येतो, तेव्हा कंपनीचं बंद प्लगिनच बरं. हा समज चुकीचा आहे.

ब्राउझरमध्ये खेळ आणि व्हिडिओ चालवणारं अडोबी कंपनीचं प्लगिन, फ्लॅश प्लेअर, आठवा. त्याचा संपूर्ण कोड अडोबीने कधी खुला केला नाही, तरी त्यात सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडत राहिल्या आणि हल्लेखोरांनी त्या वापरल्या. दुरुस्ती फक्त कंपनीच्या हातात. ३१ डिसेंबर २०२० ला तिने पाठिंबा थांबवला. जुने फ्लॅश खेळ आज चालतात ते बरेचसे ‘रफल’ या मुक्त (उघड्या कोडच्या) प्रकल्पामुळे.

उघडा कोड म्हणजे अभयपत्र, असंही नाही. न वापरलेले टॅब थांबवून ठेवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे मुक्त एक्स्टेन्शन (प्लगिनसारखाच ब्राउझरचा जोड-प्रोग्राम) मूळ कर्त्याने २०२० मध्ये विकलं. पुढे क्रोमच्या स्टोअरमधली आवृत्ती गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या कोडशी जुळत नाही, हे वापरकर्त्यांनी ताडून दाखवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते काढून टाकलं, आणि जुन्या स्वच्छ कोडवरून इतरांनी पर्याय उभे केले. बंद प्लगिन असतं तर ताडायला मूळ कोडच हाती नसता!

म्हणून मराठी टायपिंगचं साधं एक्स्टेन्शनसुद्धा ‘सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागत असेल, तर थांबा. ते तुमच्या बँकेच्या पानावरही हजर राहील. कोड कुठे ठेवला आहे, शेवटची दुरुस्ती कधीची, मालक बदलला का, एवढं तरी आधी बघाच.