समुद्रमापन आणि सागरी क्षेत्र नियोजन : सीमाभागातील पदवीधरांचे अर्ज कोठे अडतात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील भूगोल, भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे पदवीधर समुद्रतळाचे मापन, सागरी नकाशे आणि सागरी क्षेत्र नियोजन या कामांसाठी अर्ज करू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांतील कित्येक अर्ज मुलाखतीपर्यंत न पोहोचता छाननीतच बाद होतात. कारण बहुधा गुणांचे नसते. प्रमाणपत्राचा नमुना चुकलेला असतो, त्यावरील तारीख जुनी असते, किंवा पदवीचे नाव जाहिरातीतील नावाशी जुळत नाही. त्यामुळे येथे नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून अडणाऱ्या जागांविषयी सविस्तर लिहिले आहे.

प्रथम काम कोठे आहे ते पाहू. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानुसार भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जेथील साधनसंपत्तीवर केवळ भारताचा हक्क आहे तो समुद्र, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत जाते आणि त्याचा विस्तार सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे. या पाण्याचे अधिकृत नौकानयन नकाशे नौदलाच्या अखत्यारीतील देहरादून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. संशोधनाच्या अंगाने हेच काम गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबादचे ‘इन्कॉइस’ (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) या संस्थांत चालते. समुद्राचा कोणता भाग मासेमारीला, कोणता जहाजमार्गाला आणि कोणता संवर्धनाला ठेवायचा हे आधीच ठरवणारे सागरी क्षेत्र नियोजन भारत व नॉर्वे यांच्यातील २०१९ च्या करारातून पुढे आले आणि पुदुच्चेरी व लक्षद्वीप ही त्याची प्रायोगिक क्षेत्रे ठरली. मात्र ‘सागरी क्षेत्र नियोजक’ अशा नावाची जाहिरात शोधत बसू नये. जाहिरात प्रकल्प वैज्ञानिक, प्रकल्प सहयोगी किंवा कनिष्ठ संशोधन अधिछात्र या नावाने निघते आणि कामाचे स्वरूप आतल्या तक्त्यात, जीआयएस (संगणकीय नकाशा-माहिती प्रणाली), सुदूर संवेदन (उपग्रहावरून निरीक्षण), बहुकिरण ध्वनिमापन (ध्वनिलहरींनी समुद्रतळ मोजणे) किंवा किनारी व्यवस्थापन अशा शब्दांत दिलेले असते.

शिरण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. विज्ञान पदवीधरांनी सागरी विज्ञान, सागरी भूविज्ञान किंवा समुद्रविज्ञानातील एम.एस्सी. करावी; त्यासाठी गोवा विद्यापीठ, मंगळूर विद्यापीठ आणि कोची येथील ‘कुसॅट’ (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) ही आपल्याला जवळची ठिकाणे आहेत. अभियंत्यांनी ‘गेट’ ही अभियांत्रिकी पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यावी. त्यात २०२२ पासून जिओमॅटिक्सची (भूमापन व नकाशे यांच्या तंत्राची) स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, गुणांकन तीन वर्षे चालते आणि सुरतकलच्या एनआयटीसारख्या संस्थांतील एम.टेक. प्रवेश त्यावर होतात. तिसरा मार्ग नौदलाच्या जलसर्वेक्षण शाखेतील अल्पसेवा (ठरावीक वर्षांच्या सेवेच्या) अधिकाऱ्याचा आहे. त्याला कोणत्याही शाखेची अभियांत्रिकी पदवी चालते, परंतु ६० टक्के गुण हवेत आणि रंगांधता असलेल्यांना घेत नाहीत. ही तपासणी बेळगावातील नेत्रतज्ज्ञाकडे आधीच करून घ्यावी. निवड मंडळाच्या मुलाखतीची महिनोन्‌महिने तयारी करून शेवटी वैद्यकीय तपासणीत ही गोष्ट कळलेली मुले पाहिली आहेत, आणि ते दुःख टाळता येण्यासारखे होते.

पदवीचे नाव आणि टक्केवारी

जाहिरातीत ‘संबंधित विषयातील एम.एस्सी.’ असे लिहिलेले असते आणि आपल्याकडच्या भूगोल पदव्युत्तरांपैकी काहींची पदवी कला शाखेची, काहींची विज्ञान शाखेची असते. अभ्यासक्रमात जीआयएस व सुदूर संवेदन दोन सत्रे शिकलेल्या मुलीचा अर्ज पदवीपत्रावर ‘एम.ए.’ छापले आहे एवढ्यावरून बाजूला ठेवला जातो, हे अन्यायाचेच आहे. पण छाननी करणाऱ्यासमोर तक्ता असतो, अभ्यासक्रम नसतो. अशा उमेदवाराने शेवटच्या तारखेपूर्वीच जाहिरातीतील पत्त्यावर समकक्षतेविषयी लेखी विचारणा करावी, विद्यापीठाच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम अर्जाला जोडावा आणि उत्तर आले तर तेही जोडावे. तोंडी किंवा फोनवरील ‘चालेल’ या शब्दाला छाननीत किंमत नसते.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या तुकड्यांना आणखी एक अडचण येते. पूर्वीच्या पदवीत तीन विषय तिन्ही वर्षे असत, तर या तुकड्यांत शेवटच्या वर्षी भर एका विषयावर आला. त्यामुळे ‘पदवीला गणित तीन वर्षे’ अशी अट असेल तेथे गुणपत्रिका अपुरी दिसते. कोणता विषय किती सत्रे होता याचा महाविद्यालयाचा दाखला घ्यावा.

टक्केवारीचे सूत्र स्वतः ठरवू नये. व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे) मुख्यालय बेळगावातच असूनही श्रेणी सरासरीला (सीजीपीए) सरळ दहाने गुणून अर्ज भरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. आपल्या तुकडीला लागू असलेले विद्यापीठाचे लेखी सूत्र जोडावे आणि त्याच सूत्राने येणारा आकडा भरावा. ६० टक्क्यांच्या उंबरठ्यावर असलेल्या अर्जात नेमके हेच तपासले जाते.

केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र

सर्वाधिक अर्ज येथे पडतात. वर सांगितलेल्या संस्थांपैकी बहुतेक केंद्राच्या आहेत आणि कर्नाटकातील प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब ही विभागणी राज्याची आहे. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्राच्या ओबीसी यादीतही असेलच असे नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावरील कर्नाटकाची केंद्रीय यादी आधी पाहावी आणि आपल्या दाखल्यावर जातीचे जे नाव आहे तेच नाव तेथे आहे का हे तपासावे.

नाव यादीत असेल तर नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या स्थानिक महसूल कार्यालयात) केंद्रीय ओबीसी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. शिष्यवृत्तीसाठी पूर्वी काढलेले, कन्नडमध्ये छापलेले जात व उत्पन्नाचे प्रमाणपत्र हैदराबाद किंवा चेन्नईत चालत नाही. केंद्राने ठरवलेल्या नमुन्यातील, इंग्रजी किंवा हिंदीतील आणि नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे कुटुंब ओबीसींतील संपन्न स्तरात मोडत नसल्याचा, स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र लागते. येथे वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते आणि वडील शिक्षक आहेत म्हणून ते अर्जच करत नाहीत. प्रवेशांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले प्रमाणपत्र मागतात. मार्चमध्ये मोठ्या तत्परतेने काढलेले प्रमाणपत्र जूनमध्ये निरुपयोगी ठरते.

नाव केंद्रीय यादीत नसेल, तर आर्थिक दुर्बल घटकाचा मार्ग उरतो. ३१ जानेवारी २०१९ च्या केंद्रीय आदेशानुसार केंद्राच्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आरक्षणात न बसणाऱ्या उमेदवाराला हे आरक्षण आहे; म्हणजे एखादा समाज राज्यात ३ब मध्ये असला, तरी केंद्रीय यादीत नसल्यास केंद्रीय कामासाठी तो पात्र ठरू शकतो. खिडकीवरचा कारकून मात्र राज्याची यादी पाहून अर्ज परत करतो, आणि विद्यार्थी मान खाली घालून गावी येतो. परत येऊ नये. आदेशाची प्रत अर्जाला जोडावी, प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेसाठी हवे आहे असे लिहावे, पोच घ्यावी आणि नकार दिला तर तो लेखी मागावा.

या प्रमाणपत्रात उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच आहे, पण येथे पगार आणि शेती दोन्ही धरले जातात. त्याहून अवघड अट शेतजमिनीची आहे : पाच एकर किंवा त्याहून अधिक जमीन असलेले कुटुंब उत्पन्न कितीही कमी असले तरी अपात्र ठरते. ‘कुटुंब’ म्हणजे उमेदवार, आईवडील, पती किंवा पत्नी आणि अठरा वर्षांखालील भावंडे व मुले. चुलते त्यात नाहीत. आपल्याकडे मात्र आजोबांच्या नावाचा किंवा सगळ्या भावांच्या सामाईक नावांचा उतारा असतो, वाटणी तोंडी झालेली असते, आणि अकरा एकरांच्या उताऱ्यावर वडिलांचे नाव दिसले की अर्ज फेटाळला जातो, जरी कसण्यास तीन एकरही येत नसले तरी. वंशवृक्ष आणि वाटणीपत्र जोडून वडिलांचा हिस्सा दाखवावा लागतो. फोडी होऊन, म्हणजे मोजणीने हिस्से पडून, उतारा वेगळा झाला असेल तर प्रश्नच राहत नाही. या कामाला किती काळ लागतो हे खानापूर तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. जाहिरातीची मुदत साधारणतः काही आठवड्यांची असते, म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच घरात हा विषय काढावा. हे प्रमाणपत्र एका आर्थिक वर्षापुरतेच असते आणि आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर दिले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशांत जी स्वतंत्र वर्गवारी आहे, ती त्या राज्याच्या प्रवेशांपुरती मर्यादित आहे. कोल्हापूर किंवा पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश घेताना तिचा जरूर लाभ घ्यावा, परंतु सीमाभागाचा तोच दाखला केंद्रीय संस्थेच्या अर्जाला जोडल्याने काहीही मिळत नाही.

नाव, तारीख आणि अनुभव

एस.एस.एल.सी. (दहावीच्या) मार्क कार्डावर नावाचा जो क्रम व जे स्पेलिंग आहे, तेच अर्जात भरावे. आधारवर आडनाव शेवटी, मार्क कार्डावर आद्याक्षर आणि जातीच्या दाखल्यावर कन्नड उच्चारावरून उतरवलेले नाव, असे तीन प्रकार एकाच मुलाच्या कागदांत सर्रास आढळतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाल्याने जुन्या व नव्या कागदांत गावाचे नाव वेगळे दिसते, त्याची काळजी करू नये. व्यक्तीच्या नावातील फरक मात्र शपथपत्रावर न सोडता शक्य तेथे मूळ कागदातच दुरुस्त करावा.

वय, पदवी आणि अनुभव हे सहसा अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजले जातात, मुलाखतीच्या दिवशी नव्हे. निकाल चार दिवसांनी लागणार असेल तरी त्या तारखेला पदवी नाही असेच धरले जाते. अनुभवही आवश्यक पदवी मिळाल्यानंतरचाच धरतात, एम.एस्सी. करताना केलेला प्रकल्प वर्ष-सहा महिन्यांचा असला तरी त्यात येत नाही. खासगी सर्वेक्षण कंपनीत बंदराच्या गाळमापनावर काम केले असेल, तर दाखल्यावर रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पद आणि प्रत्यक्ष वापरलेली उपकरणे यांचा उल्लेख करवून घ्यावा.

एवढे करूनही अर्ज बाद झाला आणि कारण कळवले नाही, तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून केंद्रीय संस्थांसाठीच्या संकेतस्थळावर छाननीचा तक्ता, आपल्या अर्जावरील शेरा आणि पात्रतेचे निकष मागावेत. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावा; कायद्याने त्या दोन भाषा किंवा अर्ज जेथून केला जातो त्या भागाची राजभाषा चालते, आणि बेळगावातून मराठी अर्ज केल्यास तो परत येण्यास निमित्त मिळते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. त्यात उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील तीस दिवसांत त्याच संस्थेतील अपील अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते आणि त्याला शुल्क नाही.