अपंगत्व पेन्शन: बोर्ड-आउट झालेला आणि मुदत संपवून आलेला

भारतीय सैनिकाला सेवा पेन्शन आणि अपंगत्वाची भरपाई दोन्ही एकत्र मिळू शकतात. अमेरिकेत 1891 च्या कायद्याने ही वाट शंभराहून अधिक वर्षं बंद होती. 2004 च्या सुमारास ती उघडली, तीही सरसकट नाही. आपल्याकडे गाडं दुसरीकडेच अडकलं. माणूस घरी कसा आला, बोर्ड-आउट होऊन (म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून सेवेतून काढल्यामुळे) की मुदत संपवून, यावर त्याचा हक्क मोजला जाऊ लागला. गेल्या पंचवीस वर्षांतले बरेच खटले या एका फरकाभोवती फिरतात.

1961 च्या पेन्शन नियमावलीत अटी थोडक्यात होत्या. अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत बळावलेलं हवं, किमान 20 टक्के हवं आणि त्यापायी सेवेतून काढलेलं हवं. 1982 च्या नियमांनी जवानाच्या बाजूने माप टाकलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत जडला असं धरायचं आणि पुराव्याचं ओझं जवानावर टाकायचं नाही. प्रत्यक्षात मेडिकल बोर्ड ‘सेवेशी संबंध नाही’ असं एका ओळीत लिहून मोकळं व्हायचं. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिट्‌स येऊ लागल्याने नऊ वर्षांच्या नोकरीनंतर काढलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात हेच नियम पुन्हा वाचून दाखवले. नियम नवे नव्हतेच.

खरा गुंता टक्क्यांच्या राउंडिंगचा. पाचव्या वेतन आयोगाच्या लक्षात आलं की एकाच दुखापतीला एक बोर्ड 20 टक्के देतं, दुसरं 40. म्हणून तीन कप्पे ठरले: 50 च्या खालचे सगळे 50, 50 ते 75 वाले 75 आणि त्यापुढचे 100. संरक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2001 च्या पत्राने हे 1 जानेवारी 1996 पासून लागू झालं, पण फक्त बोर्ड-आउट झालेल्यांना. लो मेडिकल कॅटेगरीत (तब्येतीच्या खालच्या श्रेणीत) राहून पूर्ण मुदत नोकरी केलेला हवालदार यातून वगळला गेला.

हा फरक पैशात किती? पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, खाली त्या प्रमाणात, असा अपंगत्व घटकाचा, म्हणजे पेन्शनमधल्या अपंगत्वापोटीच्या भागाचा, हिशोब आहे. पगार 40,000 आणि अपंगत्व 30 टक्के असेल, तर महिना 3,600 होतात. तेच 50 धरले की 6,000. सरकारचं म्हणणं होतं की मुदत संपवणाऱ्याचं कमाईचं वय वाया गेलं नाही, त्याला पूर्ण पेन्शन आहेच. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण बोर्डांच्या मनमानीवर उतारा म्हणून राउंडिंग आणलं होतं आणि तेच बोर्ड निवृत्तीच्या वेळीही बसतं, याचं उत्तर त्यात सापडत नाही. 10 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयात शेकडो सरकारी अपिलं एकदम फेटाळली गेली आणि राउंडिंग मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यांनाही मिळालं. तरीही कित्येकांना सैनिकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र दल लवादाची पायरी चढावीच लागली आणि थकबाकी बहुतेकदा अर्जाआधीच्या 3 वर्षांपुरतीच पदरात पडली. निकाल लागूनही प्रत्येकाने वेगळा वकील लावायचा, ही पद्धत कुणाच्या सोयीची, हे सांगायला नको.

स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांची अडचण आणखी निराळी होती. स्वतःहून गेलास म्हणजे अपंगत्व घटक सोडलास, असा अर्थ लावला जायचा. 2009 च्या आदेशाने 1 जानेवारी 2006 नंतर गेलेल्यांपुरतं ते सुटलं.

तोच फरक पुढे आयकरात शिरला. 2001 च्या परिपत्रकाने सेवा आणि अपंगत्व हे दोन्ही घटक करमुक्त मानले होते. जून 2019 मध्ये ही सूट फक्त बोर्ड-आउट झालेल्यांना, असा खुलासा आला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पुढे निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के अपंगत्व पेन्शन घेत होते, जवानांत मात्र त्याच्या निम्मेही नव्हते, यावर लेखापरीक्षणात बोट ठेवलं गेलं. हा आकडा डोळ्यांत खुपण्यासारखाच आहे. पण त्याची किंमत ज्या जवानांचं प्रमाण कमी, त्यांनीही मोजायची, हे विचित्र.

21 सप्टेंबर 2023 पासूनच्या नियमांत सेवेत राहून मुदत संपवणाऱ्याच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हटलं जातं. ‘अपंगत्व पेन्शन’ हे नाव बोर्ड-आउट झालेल्याकडेच राहिलं. आधी निवृत्त झालेल्यांना हे नियम लागू नाहीत. त्यामुळे रक्तदाब आणि मधुमेहाची जुनी प्रकरणं अजून त्या-त्या वेळच्या जुन्या नियमांवरच चालतात, आणि ‘आजार पीस स्टेशनवर (लढाईच्या क्षेत्राबाहेरच्या ठाण्यावर) जडला’ एवढं कारण नकारासाठी पुरत नाही, असं 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावलं आहे.